आमच्या लाँड्रीत भूत नाही

४ फेब्रुवारी, मंगळवार

साबणाच्या एजंटाने नवीन वर्षाची भेट म्हणून दिलेली ही डायरी महिनाभर इस्त्रीच्या टेबलाचा आखूड पाय उचलून धरत होती. आज तिथे लाकडाचा तुकडा ठोकला आणि डायरी मोकळी केली, कारण लिहून ठेवावं असं काहीतरी घडलंय. आमच्या गावावर पुस्तक आलंय. नाव 'आपल्याच गावात'. तेरा भयकथा, तेराही बाजाररस्त्यावर घडणाऱ्या. जागांची नावं दिलेली नाहीत, पण न ओळखण्याचा प्रश्नच नाही. लेखकाच्या नावाच्या जागी छापलंय, 'एक शेजारी'.

ही बातमी ग्रंथपाल बाईंनी आणली. वाचनालयाचे पडदे टाकायला आल्या होत्या. तिथल्या पाचही प्रती दुपारच्या आत गेल्या म्हणे. पडदे दोन दिवस आधी मिळतील या बोलीवर त्यांनी स्वतःची प्रत मला वाचायला दिली.

मी तसा वाचणारा माणूस नाही, डाग काढणारा आहे. ही लाँड्री वडिलांनी काढली. मागच्या खोलीत धुणं, डाग आणि वाफेची इस्त्री माझ्याकडे. पुढे काउंटरवर ताई, म्हणजे माझी थोरली बहीण. मेहुणे गेल्यापासून वीस वर्षं ती इथेच आहे, आणि माझं लग्न राहिलं ते राहिलंच, त्यामुळे दुकानावरच्या दोन खोल्यांत आम्ही दोघंच. कपडे घेणं, नंबराची चिठ्ठी टाचणं, तुटलेली बटणं लावणं आणि खिसे तपासणं हे ताईचं खातं. खिशात जे सापडेल ते पाकिटात घालून, वर नंबर टाकून कपड्यांबरोबर परत करायचं, हा वडिलांचा नियम. लोकांचं ऐकून घेणं हेही तिचंच खातं. लोक तिच्याशी इतकं काय बोलतात देव जाणे. तोंडात टाचण्या असल्यामुळे ती निम्मा वेळ नुसतं 'हं' म्हणते.

पुस्तक तिला दाखवलं. तिने ते उलटसुलट करून पाहिलं, मुखपृष्ठावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "कागद बरा वापरलाय." तिला पुस्तकातलं काय कळणार.

५ फेब्रुवारी, बुधवार

भयकथा रात्री वाचायच्या असतात म्हणतात. रात्री माझे डोळे पुस्तकाच्या आधी मिटतात. म्हणून दुपारी एक ते दोन, दुकान बंद असताना, इस्त्रीच्या टेबलावर मांडी घालून वाचायला सुरुवात केली.

पहिलीच गोष्ट कोपऱ्यावरच्या सलूनची. आरशातला माणूस खुर्चीतल्या माणसापेक्षा जरा उशिरा उठतो. आधी एक क्षण, मग दोन. पुढे पुढे गिऱ्हाईक दाराशी जाऊन चपला घालतं तरी हा आपला आरशात बसलेला, गळ्याभोवती पांढरं कापड गुंडाळून. शेवट इथे लिहीत नाही, मलाच पुन्हा वाचायचाय. भर दुपारी, बाजूला वाफेचं मशीन फुसफुसत असताना, माझ्या अंगावर सरसरून काटा आला. आणि गंमत म्हणजे बरं वाटलं. इतक्या वर्षांत मला कशाची अशी मजेत भीती वाटलेली नव्हती.

ताईला सगळी गोष्ट साभिनय सांगितली. तिने शेवटचं वाक्य काय होतं ते विचारलं. मी वाचून दाखवलं. "दोन शब्द जास्त आहेत त्यात," ती म्हणाली आणि पुन्हा बटणाकडे वळली. लिहायला बसल्यावर कळतं म्हणावं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

चार गोष्टी झाल्या. माझा असा समज होता की भयकथा म्हणजे पांढऱ्या साडीतली बाई आणि करकरणारं दार. या माणसाकडच्या तऱ्हा बघाव्यात. बेकरीची गोष्ट वाचून मी हसून हसून टेबलावरून घसरलो: तिथे रोज पहाटे भट्टीतून मळलेल्या पिठापेक्षा एक पाव जास्त निघतो, आणि तो ज्यांच्यासाठी निघतो त्या आजीबाई मरून अकरा वर्षं झाली तरी 'कालचा जास्त मऊ होता' म्हणून रोज तक्रार करतात. भूत परवडलं, पण असलं गिऱ्हाईक नको. लगेच पुढची बसस्टँडवरच्या हरवलं-सापडलं कचेरीची. एक माणूस तिथे येतो आणि म्हणतो, मी हरवलोय, इथे जमा झालोय का बघा. कारकून यादी काढतो, बोट खाली खाली नेतो. ती वाचून मी दहा मिनिटं नुसता बसून राहिलो.

चौथी आमच्या समोर माडीवर चालणाऱ्या गाण्याच्या क्लासची. त्यात खून आहे. मास्तर रक्ताचा शर्ट धुतात, तो थंड पाणी आणि मीठ घेऊन. मी टेबलावर थाप मारली. जगातली सगळी माणसं रक्ताच्या डागावर गरम पाणी ओततात आणि डाग कायमचा बसवून ठेवतात. तीस वर्षं मी ओरडून सांगतोय. हा पहिला लेखक ज्याला एवढं ठाऊक आहे. माझ्या अंदाजाने 'एक शेजारी' म्हणजे औषधाच्या दुकानाचे मालक असावेत. रसायनं कळणारा माणूस रस्त्यावर दुसरा नाही.

आज दातांच्या डॉक्टरांचा कोट आला होता. उजव्या खांद्यावर पावडरीचा डाग, दर महिन्याला असतो तसाच. डॉक्टर अंगाला पावडर जरा जास्तच लावत असतील. कोट टाकायला त्यांच्या पत्नीच येतात आणि ताईशी अर्धा तास हवापाण्याचं बोलून जातात.

१० फेब्रुवारी, सोमवार

पुस्तक संपलं. वाईट वाटलं, आणि मग त्याहून वाईट वाटलं, कारण मी हिशेब केला.

बसस्टँडपासून वाचनालयापर्यंत आमच्या रस्त्यावर चौदा जागा आहेत. सलून, बेकरी, फोटो स्टुडिओ, पोस्ट, औषधाचं दुकान, दातांचा दवाखाना, सगळ्या धरून. तेरा जागांवर तेरा गोष्टी. चौदावी जागा आमची लाँड्री. शेजारच्या कुलपाच्या दुकानात किल्ल्या आपोआप वाजतात, पलीकडे फोटो स्टुडिओत प्रत्येक पासपोर्ट फोटोच्या कडेला एकाच बाईचा खांदा येतो, आणि मध्ये आम्ही. लेखकाने चक्क आम्हाला ओलांडून उडी मारलीय.

इथे खोटं कशाला लिहू, मला लागलं. वडिलांनी या जागेत हयात घालवली, मी घालवतोय. गावातल्या प्रत्येक साहेबाचा कोट आणि प्रत्येक नवरदेवाचा शर्ट माझ्या हाताखालून गेलाय. आणि गावाचं पुस्तक निघतं तेव्हा आम्ही एखाद्या भुताच्याही लायकीचे नाही? मी मेल्यावर इथे कोण होतं हे कुणाला कळणार कशावरून?

ताईला बोलून दाखवलं. तिने हातातली सुई खाली ठेवली. मग म्हणाली, "तुला एवढं मनाला लागेल असं वाटलं नव्हतं." बहिणीला तरी समजलं, एवढंच समाधान.

११ फेब्रुवारी, मंगळवार

सलूनवाल्यांनी पाटी लावली: 'पुस्तकातला आरसा आतमध्ये'. दाढी वाढलेली नसलेली माणसंही रांगेत बसलीयत. बेकरीवाले रोज एक पाव काचेच्या कपाटात ठेवतात आणि तो विकायचा नाही म्हणून सांगतात. कुलूपवाल्यांनी किल्ल्यांना दोरा बांधलेला मी स्वतः पाहिला.

मग मीही स्वस्थ बसलो नाही. प्रकाशकांच्या पत्त्यावर 'एक शेजारी' यांना पत्र लिहिलं की दुसरा भाग काढाल तेव्हा लाँड्रीचा विचार व्हावा. जागा जुनी आहे, वाफ आहे, लोंबकळणारे कोट आहेत, आणखी काय पाहिजे. ताई पोस्टाकडे चाललीच होती, तिच्याकडेच दिलं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

उत्तर आलं. प्रकाशकाच्या गावाला पत्र पोचायलाच चार दिवस लागतात, इथे तिसऱ्या दिवशी उत्तर हातात. पाकिटावर तिकीटसुद्धा नव्हतं. टपालखात्याबद्दल लोक उगाच बोलतात. पाकीट खाकी, आपण खिशातल्या वस्तूंसाठी वापरतो अगदी तसं. पत्र इथे उतरवून ठेवतो:

'आपलं पत्र मिळालं. आपलं दुकान मला चांगलं माहीत आहे. तिथे दिवसभर उजेड असतो, ऊब असते आणि आपण सतत बोलत असता. अशा ठिकाणी भूत टिकत नाही. तरीही भीती वाटावी असं काही घडलं असेल तर जरूर कळवावं. ता. क. शर्टाचं वरचं बटण लावत जावं. वाफेतून एकदम गार वाऱ्यात जाता, छातीला बाधेल.'

एवढा मोठा लेखक, पण नजर किती बारीक. मी तेव्हापासून बटण लावून आहे. ताईला पत्र दाखवलं तर ती म्हणाली, "बरोबर लिहिलंय की." ताई कधीपासून तेच सांगत होती, हे तेव्हा लक्षात आलं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

भीती वाटावी असं काही घडलं असेल तर कळवा, म्हणतात. घडलं नसेल तर शोधलं पाहिजे. ही डायरी काखेत मारून आज रस्ताभर फिरलो. आमच्या जागेत पूर्वी काय होतं, कुणी गेलं होतं का, कसं गेलं, अशी चौकशी केली आणि जे सांगतील ते तिथल्या तिथे टिपून घेतलं. बेकरीवाले म्हणाले, तुमच्या जागेत पूर्वी गवताची वखार होती आणि त्यात एक बैल मेला होता, तोही वयाने. बैलाचं भूत लाँड्रीत काय करणार? औषधवाल्यांना तर मी आडूनआडून मीठ आणि थंड पाण्याबद्दलही विचारून पाहिलं. त्यांनी मला रक्तदाब तपासून घ्यायला सांगितलं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

भूत सापडत नाही म्हटल्यावर मी ते स्वतःच तयार करायला घेतलं. आमच्याकडे एक काळा ओव्हरकोट नऊ वर्षं पडून आहे, कुणी न्यायलाच आलं नाही. तो काउंटरच्या मागे, सगळ्यांना दिसेल असा टांगला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हळू आवाजात सांगायला लागलो की याच्या बाह्या दरवर्षी दोन बोटं वाढतात.

पहिल्या बाई म्हणाल्या, कापड चांगलं दिसतंय. दुसऱ्याने विचारलं, माझ्या मुलाच्या पँटचीही वाढतील का, त्याला आखूड होतायत. फोटोवाल्यांनी बाही हातात धरून पाहिली आणि म्हणाले, वजनाने ओघळलीय.

ताई संध्याकाळी म्हणाली, "दोन बोटं म्हणून माप सांगितलंस तिथेच भीती गेली. आणि वाढतात असं आपण सांगायचंच नसतं. एखाद्याने आपल्या डोळ्यांनी बघावं आणि आपण म्हणावं, छे, तुम्हाला भास झाला." मी म्हटलं, तू एवढं पुस्तक न वाचता कसं बोलतेस? ती म्हणाली, "तू रोज दुपारी मोठ्यांदा वाचतोस." हे खरं आहे.

२० फेब्रुवारी, गुरुवार

कोटाचे मालक आले. धडधाकट, हसतमुख, हातात नऊ वर्षांपूर्वीची पावती. बदली झाली होती, विसरून गेलो म्हणाले. घालून बघितला. बाह्या बरोबर मापात होत्या. दुकानात चार गिऱ्हाइकं होती, त्यांच्यासमोर. ताई खाली वाकून बराच वेळ टाचण्या वेचत होती, तिचे खांदे हलत होते.

२४ फेब्रुवारी, सोमवार

येत्या शनिवारी वाचनालयात पुस्तकावर कार्यक्रम आहे. सलूनवाल्यांनी ठरवलंय की त्या दिवशी लेखक कोण ते हुडकून काढायचंच. रस्त्यावरच्या सगळ्यांनी त्यांना दुजोरा दिला, सगळ्यांत आधी मी. लेखक समोर आला तर त्याला चार लोकांत विचारता येईल की आमचं काय चुकलं.

आज मागच्या खोलीत असताना डॉक्टरांच्या पत्नींचा आवाज ऐकू आला. नेहमीसारखा हवापाण्याचा नव्हता. पोस्टाची गोष्ट वाचली का, असं त्या ताईला विचारत होत्या. ही पुस्तकातली नववी, आणि मला न आवडलेली एकमेव, कारण तिच्यात भूतच नाही. पोस्टमास्तर बाहेर सगळ्यांशी गोड बोलतात, घरी एक शब्द नाही. शेवटी बायको त्यांचा कोट खुर्चीच्या पाठीवर घालते, त्याच्या खांद्यावर डोकं टेकते आणि त्याच्याशीच बोलायला लागते. एकदा नवरा ते दारातून बघतो, आणि तिला अडचण नको म्हणून पाय न वाजवता दुसऱ्या खोलीत जाऊन बसतो. संपली गोष्ट. मी पान उलटून पाहिलं होतं, छापायचं राहिलं की काय म्हणून.

डॉक्टरांच्या पत्नी म्हणत होत्या, "कुणाला तरी कळलंय. कसं कळलं कोण जाणे, मी तर कुणालाच कधी बोलले नाही. आणि कळूनही त्याने हसं केलं नाही, नावगाव बदललं. वाचून मी रडले, पण हलकं वाटलं. फक्त तो कोण हे मला समजायला नको. समजलं तर मी या रस्त्याला पुन्हा तोंड दाखवणार नाही."

पोस्टाशी यांचा काय संबंध ते मला कळेना. नातेवाईक असतील.

त्या गेल्यावर ताईने मला विचारलं की शनिवारी जायलाच पाहिजे का, आणि लेखकाला शोधून काय मिळणार आहे. मी म्हटलं, न्याय. ती म्हणाली, "त्याचं नाव कळलं ना, की लोक त्याच्याशी बोलायचे बंद होतील. मग त्याचं काय राहिलं?" तिचा आवाज मला घाबरलेला वाटला. दुसऱ्याच्या पुस्तकासाठी एवढं कशाला घाबरायचं? मी तिला समजावलं की आपण दोघं पहिल्याच रांगेत बसू. ती मागे बसते म्हणाली.

१ मार्च, शनिवार

उशीर झालाय, पण आजच लिहिलं पाहिजे.

पाच वाजता वाचनालय गच्च भरलं होतं. मी पहिल्या रांगेत, बटण लावून. ताई शेवटच्या रांगेत भिंतीशी बसली आणि तिच्या शेजारी डॉक्टरांच्या पत्नी. ग्रंथपाल बाईंनी सुरुवातीला छान सांगितलं की या पुस्तकातली प्रत्येक गोष्ट वेगळ्या जातीची आहे, कुठे हसू येतं, कुठे नुसती हुरहूर लागते, आणि तेरांत एकदाही तीच भीती दुसऱ्यांदा वाटत नाही. टाळ्या पडल्या. मग सलूनवाले उभे राहिले आणि म्हणाले, लेखक याच खोलीत बसलेत.

त्यांनी रस्त्याचा नकाशाच काढून आणला होता. चौदा चौकोन, त्यांतले तेरा रंगवलेले.

"लेखक सगळ्यांना भुतं वाटत सुटला," ते म्हणाले, "पण स्वतःच्या घरात कुणी भूत सोडतं का? चौदावी जागा कुणाची ते बघा. काखेत वही मारून, कोण कुठे मेलं ते विचारत रस्ताभर कोण फिरलं ते बघा. आणि रक्ताचा डाग थंड पाण्याने जातो हे गावात कोण सांगत असतं तेही आठवा."

सगळी खोली माझ्याकडे वळली. ग्रंथपाल बाईंच्या तोंडून 'अगबाई' निघून गेलं.

मी नाही म्हणायला तोंड उघडलं. मी नव्हतोच. औषधवाल्यांकडे बोटसुद्धा दाखवणार होतो. पण सलूनवाल्यांचा मुद्दा बिनतोड होता, हे मलाही पटत होतं: लेखक लाँड्रीतलाच. आणि लाँड्रीत माणसं दोन. त्यांतला एक मी, आणि मी तर नाही.

मी मागे वळून पाहिलं. ताई पर्सचं बटण लावत होती आणि काढत होती. तिने माझ्याकडे पाहिलं. लहानपणी वडिलांच्या हातून मार बसणार असायचा तेव्हा मी तिच्याकडे असा बघायचो. तिने माझ्याकडे असं बघितल्याचं मला आठवत नाही. मला एकदम तिकीट नसलेलं पाकीट आठवलं. दोन जास्तीचे शब्द आठवले. डॉक्टरांच्या कोटावरचा पावडरीचा डाग आठवला, आणि खांद्यावर डोकं कुणी टेकलं असेल तेही तेव्हाच कळलं, म्हणजे पुस्तक वाचून तीन आठवडे झाल्यावर. मी नाही म्हटलं असतं तर पुढच्याच क्षणी ही सगळी तोंडं मागच्या रांगेकडे वळली असती, आणि तिथे त्या बाई ताईच्या खांद्याला खांदा लावून बसल्या होत्या.

"हो," मी म्हटलं. "मीच."

इतकी वर्षं मी या गावात बोलतोय, पण माझ्या बोलण्याने एवढी शांतता कधी झाली नव्हती. मग टाळ्या. मग प्रश्न. आरसा कसा सुचला? दाढी करताना. बसस्टँडवरचा माणूस कोण? मी म्हटलं, तो अजून सापडलेला नाही. लोकांनी माना डोलावल्या. शेवटी मागून डॉक्टरांच्या पत्नी उभ्या राहिल्या. चेहरा पांढराफटक होता. त्यांनी विचारलं, "पोस्टाच्या गोष्टीत तुम्हाला काय म्हणायचं होतं?"

खोटं पाठ केलेलं नव्हतं, म्हणून खरं तेच सांगितलं. "ती जरा फसलीच माझी. भूत घालायचं राहून गेलं."

सगळे हसले. त्या क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या. या माणसाला काही म्हणजे काही कळलेलं नाही, अशी त्यांची खात्री पटत गेलेली मला दिसली, आणि मग त्याही हसल्या, सगळ्यांपेक्षा जास्त. खाली बसताना त्यांनी ताईचा हात धरला होता.

२ मार्च, रविवार

आज सकाळी चहा झाल्यावर ताईने तिच्या पेटीतून लिहिलेल्या कागदांचा गठ्ठा काढून माझ्यासमोर ठेवला. दुसरा भाग. दुपारी मी झोपतो तेव्हा पूर्वी लिहायची. हल्ली मीच दुपारी वाचत बसायला लागल्यापासून तिची पंचाईत झाली होती.

मी आधी भांडून घेतलं. मला का नाही सांगितलं म्हणून. ती म्हणाली, "तुझ्या पोटात काही राहतं का?" मग जे तीन आठवडे सलत होतं ते विचारलं, की तेरा जागा घेतल्यास, आपलीच का टाकलीस.

ताई बराच वेळ सुईत दोरा ओवत होती.

"प्रयत्न केला," ती म्हणाली. "चार वेळा लिहायला घेतली. होईच ना. भीती कशी असते ते मला चांगलं ठाऊक आहे रे, यांच्यामागे त्या रिकाम्या घरात दोन महिने काढलेत मी. मग तू टेम्पो घेऊन आलास आणि सगळा रस्ता डागांवर बोलत राहिलास. तेव्हापासून या जागेत मला कधी भीती वाटली नाही. नसलेली कुठून लिहू?"

मी शर्टाचं बटण लावलेलं आहे का बघितलं. थोड्या वेळाने मी विचारलं की तरी दुसऱ्या भागात एखादं लहानसं, निरुपद्रवी भूत बसवता येईल का. बघू, म्हणाली.

४ मार्च, मंगळवार

लेखक झाल्याचा उपद्रव फार आहे. बेकरीवाल्यांनी पाच प्रतींवर सही घेतली आणि वर सांगितलं की माझ्या सासूवरही लिहा. सलूनमध्ये गेलो तर त्यांनी मला आरशाकडे पाठ करून बसवलं, त्यामुळे केस कसे कापलेत ते मला घरी येऊन कळलं. रस्त्यात दोघं जण बोलत उभे असतात आणि मी दिसलो की हवापाण्यावर येतात.

दुपारी डॉक्टरांच्या पत्नी आल्या. मी काउंटरपाशीच होतो. त्यांनी मला नमस्कार केला, पुस्तक छान आहे म्हणाल्या, आणि मी बाजूला होण्याची वाट बघत उभ्या राहिल्या. मी दोन पावलं मागे झालो. त्यांनी कोट काउंटरवर ठेवला, ताईकडे वाकल्या आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "एक सांगायचं होतं. पण तुमच्या भावाला कळू देऊ नका हं. ते लगेच लिहून काढतील."

"नाही कळू देणार," ताई म्हणाली आणि तोंडातल्या टाचण्या काढून बाजूला ठेवल्या.

मी मागच्या खोलीत गेलो, दार लोटलं आणि मला काही ऐकू येऊ नये म्हणून दोन्ही मशीनं सुरू केली.